आम्बा लिहिलं म्हणून लाल फुली

माझं लेकरू तिसरीत आहे, आम्ही परभणीचे. फळ्यावरचं बघून जसंच्या तसं उतरवायचा पण श्रुतलेखन म्हणलं की नुसतं पेन्सिल चावत बसायचा. चाचण्या झाल्या, अध्ययन अक्षमता निघाली. स्पेशल टीचर मॅडम म्हणल्या आधी वही बंद, नुसते कान. शब्द ऐकायचा आणि एकेका आवाजाला एक चिंचोका पुढं सरकवायचा. मी भाकरी थापता थापता विचारायचे, "भाकर"मधला भा काढला तर काय उरलं? कर. हे पंधरा-वीस दिवसात जमलं.

अडकलो ते अनुस्वारावर. एक दिवस त्यानं स्वतःहून आंबा फोडला, आ, म्, बा, तीन चिंचोके, मला तर रडूच आलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं तसंच लिहिलं, "आम्बा". लाल फुली, वर आंबा वीस वेळा लिहून आण. घरी येऊन म्हणतो, मम्मी मला ऐकूच येत नाही का नीट? अहो त्यानं बरोबरच ऐकलं होतं! आंबा म्हणताना ओठ मिटतात, तो म्; चिंता म्हणताना जीभ दाताला लागते, तो न्; अंगण म्हणताना आवाज पार मागून येतो. आवाज तीन आणि लिहायला टिंब एकच, पुढच्या अक्षराप्रमाणं बदलणारं. चार दिवस त्यानं चिंचोक्याला हात लावला नाही. मी शाळेत गेले, तासभर व्हरांड्यात बसले, तर उत्तर काय, परीक्षा झाल्यावर बघू. मॅडमची चिठ्ठी घेऊन परत गेले तेव्हा कुठं सर तयार झाले की फुली नाही मारणार, शेजारी बरोबर शब्द लिहून देतील. मला अजून राग आहे त्या वीस ओळींचा.

मग आरसा घेतला. तोंड बघत शब्द म्हणायचे आणि मगच टिंब शिकवायचं. तसं शिकवल्यावर आठवड्यात बसलं त्याला.

शब्दाच्या एकेका तुकड्याला टाळी वाजवायला लावताना लेकराच्या परभणीला तीनच वाजल्या तर टोकू नका, लिहायला चार अक्षरं असली तरी आपण बोलतो पर-भ-णी. रफार सगळ्यात शेवटी घ्या, सूर्यमधला र् ऐकू येतो य च्या आधी आणि लिहायचा य च्या डोक्यावर, लेकरू गोंधळणारच. रोज दहा मिनिटं, जास्त नको. आणि हो, हे सगळं सुरू करायच्या आधी कान तपासून घ्या डॉक्टरकडून, आम्ही डोळेच तपासले आणि कान पार नंतर.