तिजोरी नेमकी ठेवायची कुठे?

बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली तर बँक वर्षाच्या भाड्याच्या जास्तीत जास्त १०० पट भरपाई देते, रिझर्व्ह बँकेचा १ जानेवारी २०२२ पासूनचा नियम आहे हा. तरी जड दागिने तिकडेच बरे. रोजच्या वापरातलं सोनं आणि घराचे कागद यासाठी मात्र छोटी डिजिटल तिजोरी आणली आणि घरात वाद सुरू, ठेवायची कुठे.

आई म्हणे बेडरूमच्या कपाटात, साड्यांखाली. अगं पण चोर पहिला तिथेच हात घालणार ना! आणि नुसती ठेवली तर दहा-पंधरा किलोचा डबा तो अख्खा उचलून नेईल, म्हणजे आपणच पार्सल बांधून दिल्यासारखं. म्हणून मागच्या भोकांतून अँकर बोल्टने भिंतीला आवळायचीच. पण भिंत बघून, फ्लॅटमधल्या आतल्या ४ इंची भिंतीत बोल्ट नीट धरत नाही, कॉलममध्ये ड्रिल मारायचं नाही आणि बाथरूमला लागून असेल तर ओल येऊन कागद कुबट होतात. चिपळूण-सांगलीकडे तळमजल्यावर असाल तर पुराचंही बघा.

आम्ही शेवटी स्टोअररूममध्ये, धान्याच्या डब्यांमागे बसवली. बाबा कुरकुरतायत, वाकावं लागतं म्हणून.