डेटा ब्रोकरकडची माहिती पुसून घेताना

डेटा ब्रोकर म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्या. माहिती पुसायच्या विनंतीसाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. रोजचा दिलात तर ब्रोकरला आणखी एक ताजी नोंद मिळते. नाव, जुने फोन नंबर, जुने पत्ते टाकून शोधा आणि सापडलेल्या प्रत्येक नोंदीची लिंक अर्जात द्या. एकाच माणसाच्या अनेक नोंदी असू शकतात. ओळखपत्र मागितलं तर फोटो आणि क्रमांक झाकून पाठवा. उत्तराची मुदत युरोपात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार १ महिना, कॅलिफोर्नियात ४५ दिवस. दोन्हीकडे ती वाढवून घेता येते.

खरी मेख पुढेच. नोंद समूळ पुसली, की ब्रोकर पुढच्या वेळी इतरांकडून माहिती विकत घेतो तेव्हा तीच परत येते. म्हणून ‘पुन्हा गोळा करू नका, विकू नका’ हेही लिहा. त्यासाठी ब्रोकरला तुमचं नाव वगळायच्या यादीत जपून ठेवावं लागतं (गंमतच आहे!). तीन-चार महिन्यांनी पुन्हा शोधून बघा.