आधी उतरायला शिका

जून संपत आला होता. सकाळी सहाला कामशेतजवळ जुन्या हायवेवर गाड्या जमायला लागल्या, तेव्हा पावसाची नुसती भुरभुर होती. आठ थार, चार जिम्नी, एक जुनी जिप्सी आणि एक गुरखा, अशा चौदा गाड्या. रस्ता सोडून चिखलात, चढावर गाडी कशी चालवायची ते मी शिकवतो, आणि चौदाच्या वर गाड्या घेत नाही. मदतीला तिघं असतात, आणि नवख्या माणसाच्या गाडीपाशी कुणीतरी उभं असावंच लागतं. चहापोहे होईतो प्रत्येकाशी बोललो. अकरा जणांनी फोर व्हील ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारा, तो छोटा लिव्हर गाडी घेतल्यापासून एकदाही हलवला नव्हता.

२०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि माझ्याकडे येणारी माणसं बदलली. पूर्वी यायचे ते गाडी स्वतः उघडून जोडणारे. आता बँकेतले, आयटीतले, डॉक्टर, शिक्षिका असे सगळे येतात. मला हे मनापासून आवडतं. फक्त यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि गाडीची ताकद बघून भरवसा आधीच बसलेला असतो.

जागा नाणे मावळातल्या एका माळरानाची. मालकांना आम्ही सगळे आबा म्हणतो. खाली त्यांची भातखाचरं आहेत, वर मुरमाड उतार. खाचरांच्या बांधाजवळ, ओढ्यात आणि पलीकडच्या वनखात्याच्या हद्दीत एकही चाक जाणार नाही, हे आमचं पहिल्या वर्षापासून ठरलेलं आहे. चुन्याच्या फक्क्या मारून आम्ही आदल्या दिवशीच रस्ता आखतो. नंतरच्या आठवड्यात चाकोऱ्या बुजवायलाही जातो. आबांनी एकदा सांगितलं होतं, "पानी एकदा का चाकोरीनं धावाया लागलं की माती ऱ्हात न्हाय." ते वाक्य मी दर वेळी सगळ्यांना ऐकवतो, कारण यातल्या बहुतेकांनी पावसाळ्यात उतारावरून माती कशी जाते ते पाहिलेलं नसतं.

माळावर पोचल्यावर पहिलं काम हवा कमी करायचं. रस्त्यावर ३२ पीएसआय असते, ती आम्ही २० वर आणतो. चौदा गाड्यांच्या छप्पन्न टायरांतून हवा सुटायला लागली की माळभर सूं सूं आवाज होतो. एका मुलाला वाटत होतं, टायर जितका कडक तितकी पकड जास्त. त्याला खाली बसवलं आणि टायरवर हात ठेवायला लावला. हवा जाईल तसा टायर जमिनीवर लांब पसरत गेला. "रुंद नाही, लांब होतोय बघ," म्हटलं. तो वाकून बघत राहिला, मग उठून स्वतःच उरलेल्या तिन्ही टायरांची हवा काढली.

पुढचा धडा आडव्या-तिडव्या खड्ड्यांचा. इथे समोरचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हवेत जातं. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत इंजिनची ताकद वाटणारे गिअर. त्याचा स्वभाव असा, की ज्या चाकाला विरोध कमी तिकडेच फिरणं जातं. हवेतलं चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला गाडी आपणहून ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे जाते, पण त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरावा लागतो. नवखा माणूस चाक फिरलं की घाबरून पाय उचलतो. "धरा, धरा, अजून धरा," असं म्हणत राहायचं, आणि मग दोन सेकंदांनी गाडी हळूच पुढे सरकते. त्या क्षणी ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी हे काम करतो. गुरखावाल्याच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक होते, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरवायची सोय. त्याने आधी लॉक न लावता अडकायचं, मग लावून निघायचं, असं करून दाखवलं. समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता.

अकराच्या सुमाराला पाऊस वाढला आणि एक थार चिखलात पोटावर बसली. मी दुसऱ्या टोकाला होतो. वळून बघतो तर तिच्या मालकाच्या मित्राने आपली गाडी पुढे लावून दोर काढला होता आणि टो बॉलला, म्हणजे मागच्या त्या लोखंडी गोळ्याला, फास अडकवत होता. मी धावलो. आयुष्यात फार कमी वेळा इतक्या मोठ्याने ओरडलो असेन.

तो गोळा ट्रेलर ओढायला असतो, अडकलेली गाडी उपटून काढायला नाही. झटक्याने तो मानेतून तुटला, तर ताणलेला दोर त्याला गोफणीतल्या दगडासारखा फेकतो आणि तो काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं मेली आहेत. रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचा, नायलॉनचा दोर मुद्दाम ताणला जावा असाच विणलेला असतो. त्या ताणातच त्याची ताकद असते, आणि धोकाही तोच. मी सगळ्यांना थांबवलं, गाड्या बंद करायला लावल्या. दोर चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्क्या बसवलेल्या हुकांनाच लागला. मधोमध दोरावर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलाच तर कमी उसळेल. माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट दूर. मग थार एका दमात बाहेर आली. त्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगितलं, की मदतीला धावलास ते बरोबरच केलंस. त्याला कुणी हे सांगितलेलंच नव्हतं, आणि तो धडा मी दुपारसाठी ठेवला होता. ती चूक माझी. आता दोराचा धडा सकाळी, हवा काढायच्याही आधी घेतो.

दुपारी चढ. खूप वर्षांपूर्वी एका सहलीत मी एक गाडी चढावर आडवी होताना पाहिली आहे. इंजिन बंद पडलं, ड्रायव्हरने घाबरून स्टिअरिंग वळवून खाली तोंड करायचा प्रयत्न केला, आणि गाडी दोनदा उलटली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. गाडी उताराला आडवी झाली की ती कलंडायला फारसं निमित्त लागत नाही. म्हणून माझ्याकडे पूर्ण चढ चढायच्या आधी प्रत्येकाने अर्ध्यावर मुद्दाम थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि सरळ मागे उतरायचं. ब्रेक दाबून धरा. हँडब्रेक ओढा. क्लच दाबून रिव्हर्स टाका. इंजिन सुरू करा. हँडब्रेक सोडा, मग क्लच आणि पायाचा ब्रेक बरोबरच हळूहळू सोडा, क्लच पूर्ण सुटेपर्यंत. फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. खाली येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. काहींना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. हे जमल्याशिवाय वर सोडत नाही.

निगडीहून एक ताई आल्या होत्या, पंचावन्नच्या पुढच्या. जिम्नी त्यांची स्वतःची. वेल्ह्याकडच्या गावी सासूबाई एकट्या राहतात, आणि घराकडे जाणारा शेवटचा कच्चा चढ दर पावसाळ्यात धुऊन जातो. गेल्या वर्षी खाली गाडी लावून औषधं घेऊन चालत गेल्या होत्या. त्यांनी सकाळपासून वहीत सगळं लिहून घेतलं होतं.

त्या पाऊण चढ चढल्या आणि मुरमाच्या ओल्या थरावर चाकं सुटली. इंजिन बंद पडलं. गाडी हातभर मागे घसरली. मी बाजूला वरच्या अंगाला उभा होतो, खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. ब्रेक. हँडब्रेक. क्लच. रिव्हर्स. त्या स्वतःशी म्हणत होत्या. इंजिन सुरू झालं, क्लच सुटला, गाडी मागे निघाली. चारेक मीटर आल्यावर त्यांनी भीतीने परत ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि गाडीचं नाक डावीकडे जायला लागलं.

"ब्रेक सोडा! थोडी रेस!"

घसरणाऱ्या गाडीत ब्रेक सोडायला सांगणं म्हणजे माणसाला त्याच्या सगळ्या समजेच्या विरुद्ध जायला सांगणं. पण चाक फिरलं तरच ते दिशा पकडतं. त्यांनी सोडला. चाकं फिरली, नाक सरळ झालं, आणि जिम्नी इंजिनच्या आधाराने रांगत खाली आली. खाली उभ्या असलेल्या माणसांत कुणी काही बोललं नाही. पत्र्याच्या शेडमधून आबा पावसात बाहेर येऊन उभे राहिले होते.

मी खिडकीपाशी गेलो. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "पाणी घ्या, ताई. आज एवढं पुरे म्हणालात तरी चालेल."

"नाही सर," त्या म्हणाल्या, "तो शेवटचा भाग मला परत करून बघायचाय. चढायचा नाही. उतरायचा."

चार वाजले होते. घरी निघायचं म्हणून बाकीच्यांनी कॉम्प्रेसर लावून टायर भरायला घेतले होते, आणि हायवेवर चिखल जाऊ नये म्हणून दोघं चाकांवर पाणी मारत होते. दुचाकीवाला घसरतो त्या चिखलावर. मी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं, म्हणजे उतारावर माझा आवाज पोचेल. ताई पुन्हा अर्ध्या चढावर गेल्या, इंजिन बंद केलं, आणि ओठ न हलवता खाली आल्या. मग परत गेल्या. तिसऱ्या वेळी मी चढाच्या बाजूला उभाच राहिलो नाही, खाली आबांच्या शेजारी येऊन बघत बसलो.