या वेळी परकी फौज आपली होती

शिवकाळाच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला गनिमी काव्यात आपली बाजू शोधावी लागत नाही. डोंगर आपले, वाटा आपल्या, अवजड लवाजमा घेऊन चाचपडणारा तो परका. श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेवरची पुस्तकं वाचायला लागले आणि चाचपडणारी फौज आपली निघाली. मी अजून त्या धक्क्यातच आहे.

२९ जुलै १९८७ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला. तमिळ बंडखोरांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला आपलं सैन्य गेलं. ज्यांना काही वर्षांपूर्वी आपणच प्रशिक्षण दिलं होतं, त्या ‘लिट्टे’ संघटनेच्या बंडखोरांशी, म्हणजे तमिळ वाघांशी, ऑक्टोबरात लढाई जुंपली.

उत्तर श्रीलंकेतल्या जाफना शहरातलं विद्यापीठाचं प्रकरण मी शेजारी नकाशा उघडून वाचते. ११ ऑक्टोबरच्या रात्री वाघांच्या म्होरक्यांना पकडायला कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान हेलिकॉप्टरने मैदानात उतरले. वाघांनी भारतीय फौजेचे बिनतारी संदेश आधीच ऐकले होते, ते दबा धरून बसले होते. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीसच जवान उतरू शकले. गोळीबारामुळे पुढची हेलिकॉप्टरं आलीच नाहीत. एकोणतीस मारले गेले, एक कैद झाला. घरं, गल्ल्या, विहिरी समोरच्याच्या पाठ. आपल्याकडे फक्त हुकूम.

मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, ८ महारचे, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते पान मी दर वेळी थांबून वाचते.

पण त्याच ऑक्टोबरात, २१ तारखेला, आपले सैनिक जाफनाच्या रुग्णालयात शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण गोळ्यांना बळी पडले. हे सगळं तिथल्या तमिळ लोकांनी लिहून ठेवलंय. शत्रू आणि गावकरी एकाच कपड्यांत दिसतात तेव्हा घाबरलेली फौज काय करते, ते तिथे कळतं. हा प्रसंग गाळणारं लष्करी आत्मकथन मला अपुरं वाटतं, लेखक कितीही शूर असो.

मार्च १९९०मध्ये सैन्य परतलं. सुमारे बाराशे जवान गेले. तेव्हाचे ८ महारचे तरुण शिपाई आज साठीच्या आसपास असतील. त्यांच्या आठवणी त्यांच्याच मराठीत, आत्ताच लिहून घ्यायला हव्यात. जाफन्यातल्या घरांची झडती घेताना त्यांना काय वाटत होतं, हे मला सेनापतींकडून नको, त्यांच्याकडून वाचायचंय.