तेवीस निळ्या, एक लाल

सकाळी साडेअकराला, चोवीस विहिरींच्या पाण्याच्या चोवीस कुप्यांपैकी तेवीस निळ्या झाल्या. आमच्या चाचणीत निळं म्हणजे पारा.

कुपीत असतात सोन्याचे साधारण १३ नॅनोमीटरचे कण आणि त्यांच्या अंगाला चिकटलेले, थायमिनने (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) भरलेले डीएनएचे तुकडे. कण सुटे असले की द्रावण माणकासारखं लाल, एकमेकांना बिलगले की जांभळं, मग निळं. पारा आला की तो दोन थायमिनांच्या मध्ये जाऊन बसतो, डीएनए दुमडतो आणि सोन्यावरून सुटतो. वरून मिठाचं पाणी घातलं की उघडे पडलेले कण गोळा होतात. यंत्र नको, डोळ्यांनी दिसतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हे इतकं देखणं चालायचं की मी पोस्टरवर 'थेट विहिरीवर वापरण्याजोगं' असं ठोकून दिलं होतं.

नमुने गोळा करणाऱ्या सहकाऱ्याला फोटो पाठवला, तर लगेच फोन. "मॅडम, लोकांना पाणी भरू नका म्हणून सांगू का?"

"थांब जरा," मी म्हणाले. कशाच्या जोरावर थांबवतेय, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

खटकत होता तो निळेपणाच. तेवीस वेगवेगळ्या विहिरी आणि रंग सगळीकडे सारखा? मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं, ते केलं. एका कुपीत नुसतं सोन्याचं द्रावण घेतलं, डीएनए नाही, मीठ नाही, आणि त्यात विहिरीचं पाणी सोडलं. थेंब जिथे पडला तिथून जांभळी रेघ खाली उतरली. मिनिटभरात सगळी कुपी निळी. पाऱ्याचा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं होतं! पाणी कठीण होतं, एवढंच. कणांवरचा ऋणभार त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो, आणि तो झाकून टाकण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडियमपेक्षा कितीतरी पट जोरकस असतात.

"ईडीटीए टाकूया का?" विद्यार्थ्याने विचारलं. ईडीटीए म्हणजे धातूंना पकडून ठेवणारं रसायन. कल्पना बरी होती, पण ते कॅल्शियमला धरतं त्याहून घट्ट पाऱ्याला धरतं. म्हणजे चोराबरोबर साक्षीदारही आत. पाणी दहापट पातळ केलं तेव्हा कुप्या लाल राहिल्या खऱ्या. पण पिण्याच्या पाण्यात अकार्बनी पाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम. ती दहापट पातळ झाली की ०.६, आणि आमच्या कणांना २ च्या खालचं काही दिसत नाही.

या गडबडीत सतरा नंबरकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती एकटी लाल होती, म्हणून आम्ही तिला 'स्वच्छ' म्हणून बाजूला ठेवलं होतं. दुपारी उजेडात धरली तर पाण्यात पिवळसर झाक. विहीर पालापाचोळा कुजणाऱ्या तळ्याला लागून आहे, असं नोंदवहीत लिहिलेलं होतं. मी त्या पाण्यात मुद्दाम पारा घातला, लिटरला २० मायक्रोग्रॅम होईल इतका. लाल. ५० केला. तरी लालच. कुजलेल्या पाल्यातली ह्युमिक द्रव्यं सोन्यावर लेप देऊन बसतात, शिवाय त्यांच्यातलं गंधक पाऱ्याला स्वतःकडे ओढतं. तेवीस कुप्यांनी उगाच घाबरवलं होतं. हिने दिलेला दिलासा मला त्याहून भयंकर वाटला.

नमुने आयसीपी-एमएसला, म्हणजे धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला, दिले. रात्री नऊला आकडे आले: चोवीसही विहिरी मर्यादेच्या बऱ्याच खाली. सहकाऱ्याला कळवलं.

"मग आपण दिवसभर मोजलं काय?"

"पाण्याचा कठीणपणा. तोही धड नाही."

पोस्टरवरचं ते वाक्य मी त्याच रात्री काढलं. आता प्रत्येक नमुन्याला तीन कुप्या लागतात: एक नेहमीची, एक नुसत्या सोन्याची, आणि एक मुद्दाम पारा घातलेली. दुसरी निळी झाली किंवा तिसरी लाल राहिली, तर पहिलीचा रंग नोंदवहीत लिहायचा नाही.