हेडहंटर्स बघितला आज!
दुपारी जेवून लोळत लोळत लावला, २०११ चा नॉर्वेजियन पिक्चर, यू नेस्बोच्या कादंबरीवरचा, आणि थोड्या वेळात ताठ उठून बसले राव. हिरो कंपन्यांना मोठे साहेब शोधून देतो, उंची १६८ सेंटीमीटर, त्याचाच न्यूनगंड, मग बायकोला खूश ठेवायला लोकांच्या घरातली पेंटिंग चोरून जागी नक्कल लावून येतो. आणि मागे लागतो कोण, तर निकोलाय कोस्टर-वाल्डाउ (हो, गेम ऑफ थ्रोन्सचा जेमी)! लपायला जागा नाही म्हणून हा पठ्ठ्या संडासाच्या खड्ड्यात उतरतो, तोंडात टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी धरून श्वास घेतो... ईईई, माझा चहा तसाच गार. आपल्याकडे हिरोला एवढं घाण करतील का कोणी? हिरो झालेल्या अक्सेल हेनीने काम मात्र तोडलंय. जेवताना बघू नका फक्त.