पेम्बातला ओढा

म्कोआनी बंदरात बोटीतून उतरले आणि आधी आठवलं ते गुहागर. तांबडी माती, माड, आंब्याची थोराड झाडं, उतारावरचे फणस. फणसाला इथे ‘फेनेसी’ म्हणतात, आता बोला! फक्त रस्त्याकडेच्या चटयांवर आमसुलांऐवजी लवंगा वाळत होत्या. दालादालात (आपली वडापच ती) कोंबून बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो वास चाके चाके शहरापर्यंत पुरला.

पेम्बा हे पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारचं उत्तरेकडचं बेट. माझी मैत्रीण इथे ‘किचोचो’ या रोगावर काम करते. पाठ्यपुस्तकातला शिस्टोसोमियासिस तो हाच. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत नर-मादी कृमी जोडीने राहतात, अंडी घालतात, आणि मुलांच्या लघवीतून रक्त जातं. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तरी या रोगाचं अंडं चित्राबाहेर कधी पाहिलं नव्हतं. तशी लाजच ती, कारण याच जातीच्या रोगाची भारतातली नोंद आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली, गिमवी गावची. 1952 सालची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बूट घालून तयार झाले तर मैत्रीण म्हणते, “बस निवांत, चहा घे. अंडी दुपारी येतात.” ते खरंच आहे. लघवीतून अंडी सर्वांत जास्त पडतात ती 10 ते 2 या वेळात, म्हणून शाळेतले नमुनेही तेव्हाच घ्यायचे. पोरं हसत-ढकलाढकली करत डब्या घेऊन गेली. मग प्रत्येक डबीतली 10 मिली लघवी सिरिंजने बारीक गाळणीतून दाबायची आणि ती गाळणी काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

पहिल्या वीसेक पट्ट्यांत काही नाही. पुढच्या वीसांतही नाही. माझी मान अवघडली, आणि खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला. मैत्रीण हसली. 1980च्या दशकात इथल्या शाळांत हा रोग सर्रास होता. वर्षानुवर्षं प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाच्या गोळ्या वाटल्यावर आता शोधावा लागतो. रोग जितका कमी, तितकं बघणाऱ्याचं काम कंटाळवाणं.

दुपारी तीननंतर एक अंडं सापडलं. लंबगोल, पारदर्शक, एका टोकाला काटा. मी नको तेवढ्या मोठ्याने ओरडले, मग पटकन ओशाळले. ते अंडं एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं होतं.

औषध देणं सोपं. वजनकाटा नको की काही नको. खुणा केलेल्या दांड्याशी मुलाला उभं करायचं, उंची 125 ते 138 सेंटिमीटरमध्ये आली की 600 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. गोळी कडू आणि पोटात ढवळवणारी, म्हणून आधी मंदाझी (तळलेला गोडसर पाव) खायला घातली. तेवढ्यासाठी वर्गातल्या आणखी चौघांना एकाएकी पोटदुखी झाली!

पण ही गोळी कोवळ्या कृमींना मारत नाही, आणि मुलगा परत त्याच ओढ्यात उतरतो. लघवीतली अंडी पाण्यात फुटतात, त्यातली अळी गोगलगायीत शिरते, आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीच्या शेकडो अळ्या बाहेर पडून पाण्यातल्या माणसाची कातडी शोधतात. 2012 पासून झांझिबारमध्ये मोठा प्रयोग झाला: काही वस्त्यांत नुसत्या गोळ्या, काहींत शिवाय गोगलगायींवर फवारणी, काहींत शिवाय जनजागृती, मुताऱ्या आणि धुण्याचे ओटे. रोग बराच खाली आला, पण जोडीच्या उपायांनी ठळक फरक पडला नाही. संसर्ग थांबलाही नाही.

मुलाने आम्हाला त्याचा ओढा दाखवला. केळीच्या बागेमागे, गुडघाभर पाण्याचा. मी गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत, आणि शेजारी बाया अनवाणी कपडे आपटत होत्या. धुण्याच्या ओट्याबद्दल विचारलं तर एकीने पिळा झटकत उलट विचारलं, “नळ कोरडा असला तर ओटा घेऊन काय करू?” मैत्रिणीने ते मला मराठीत सांगितलं. त्याची गरज नव्हती, असले नळ माझ्या ओळखीचे आहेत.

पाण्यातल्या पानांखालून आम्ही दहा ‘कोनोकोनो’, म्हणजे गोगलगायी, वेचल्या. शंखाचं टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं, तो बुलिनस, याच रोगाची अळी पोसणारा. व्हरांड्यात दहा पेल्यांत दहा गोगलगायी उन्हात ठेवल्या, कारण उजेड मिळाला की अळ्या बाहेर येतात. दोन तास भिंगातून बघत बसलो. पाणी स्वच्छच राहिलं.

“उद्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊ,” मैत्रीण म्हणाली आणि माझे बूट उन्हात पालथे घातले.